रेगेकाकांचा प्रश्न

रेगेकाका माणसाच्या चेहऱ्याकडे नंतर बघतात, आधी बुटांकडे. टॅम्पिनीसमध्ये आमच्या ब्लॉकखाली जी मोकळी जागा आहे, जिला इथे व्हॉइड डेक म्हणतात, तिथल्या दगडी टेबलाशी ते बसलेले असतात. पोस्टमन येवो, झाडूवाला येवो, दहाव्या मजल्यावरची चिनी आजी येवो, काकांची नजर सरळ पायांवर जाते आणि मग सावकाश वर चढते. सगळा ब्लॉक रबरी सपातांत फिरतो. काका मात्र सिंगापूरच्या घामट हवेत काळे, लेसचे, आरशासारखे चमकणारे बूट घालून खालच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांवर, कॉफी प्यायला जातात.

काकांचं वय चौऱ्याहत्तर. सगळी नोकरी सेम्बावांगला, जहाजांच्या दुरुस्तीच्या गोदीत ड्राफ्ट्समन म्हणून. काकू जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा निखिल लंडनला. आणि उद्योग म्हणाल तर एकच, लोकांची दहा-अकरा वर्षांची मुलं इंग्लंडमधल्या मोठमोठ्या खाजगी निवासी शाळांच्या प्रवेशपरीक्षेला बसवायची. निखिल त्या काळी स्वतःच्या हुशारीवर स्कॉलरशिप मिळवून तिथे गेला होता, अकराव्या वर्षी. त्याला काकांनीच तयार केलं होतं. स्वतः काकांनी इंग्लंड पाहिलेलं नाही. मुलाला पोचवायला काकू गेल्या, कारण त्याच आठवड्यात गोदीत एक जहाज अडकलं होतं आणि काकांना रजा मिळाली नाही. पुढे जायचं राहूनच गेलं.

पण पाहिलं नाही म्हणून अडतं कुठे? परीक्षेत निबंध येतो, ‘हिवाळ्यातली सकाळ’. आमच्या मुलांनी जन्मात चोवीस डिग्रीच्या खाली काही बघितलेलं नसतं. काका सगळ्या वर्गाला सुपरमार्केटमध्ये नेतात आणि गोठवलेल्या माशांच्या फ्रीझरसमोर पाच मिनिटं उभं करतात. ‘नाकाला काय वाटतं ते लिहा. बोटांना काय वाटतं ते लिहा. माशांबद्दल लिहू नका.’ तरी एका मुलाने इंग्लंडच्या धुक्यात कोळंबी घातलीच. शरद ऋतूचं मात्र काय करावं हे काकांना अजून सुचलेलं नाही. ‘तो आपल्याकडे आलेलाच नाही,’ ते गंभीरपणे सांगतात.

या शाळांची एक गंमत आहे. आम्हाला घोटवून तयार केलेली मुलं नकोत, असं त्या आवर्जून सांगतात. त्यामुळे पालक मुलांकडून, कोणी तयारी करून घेतलेली नाही असं दिसण्याची तयारी करून घेतात. यात काकांचा हातखंडा. त्यांचा पहिला नियम, ‘एक चूक ठेवायची.’ सगळं आलं की समोरच्याला संशय येतो. म्हणून प्रत्येक मुलाला ते मुलाखतीसाठी एकेक चूक नेमून देतात आणि जाताना विचारतात, ‘तुझी चूक कोणती? विसरलास की बरोबर उत्तर देशील, मग बस रडत.’

दुसरा नियम, कुठल्याही प्रश्नाला उत्तर देण्याआधी खिडकीबाहेर बघायचं आणि मनात एक-दोन-तीन म्हणायचं. विचार करणारं मूल दिसलं पाहिजे. माझी मुलगी इरा काकांकडे जायला लागली आणि महिन्याभरात मी ‘अजून एक पोळी वाढू का’ म्हटलं की खिडकीबाहेर बघायला लागली. एक, दोन, तीन. मग म्हणायची, ‘दॅट्स अ‍ॅन इंटरेस्टिंग क्वेश्चन, आई.’ तोवर पोळी गार.

तिसरा नियम बुटांचा. काकांच्या हॉलमध्ये निखिलचं शाळेतलं एक जुनं प्रगतिपुस्तक फ्रेम करून लावलंय. गणित, इतिहास, सगळं आहे त्यात, पण काका बोट ठेवतात ते शेवटच्या ओळीवर. निखिलचे बूट साऱ्या वसतिगृहात सर्वांत चकचकीत असतात, असं तिथल्या मास्तरांनी लिहिलंय. ही ओळ काकांनी प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक पालकाला वाचून दाखवलेली आहे. मला चार वेळा. मग दर शनिवारी दगडी टेबलावर वर्तमानपत्र पसरून, पॉलिशची डबी उघडून, सगळी मुलं आधी बूट घासतात आणि नंतर गणितं करतात.

चौथा आणि शेवटचा नियम काकांच्या लेखी सर्वांत मोठा. मुलाखतीच्या अखेरीस ते लोक विचारतात, तुला आम्हाला काही विचारायचंय का? ‘तीच खरी परीक्षा,’ काका म्हणतात. ‘उत्तरं कोणालाही पाठ करता येतात. प्रश्न स्वतःचा लागतो.’ आणि मग शर्टाच्या खिशावर हात ठेवून सांगतात की माझाही एक तयार आहे, तीस वर्षं झाली. त्या शाळांतलं कोणी समोर भेटलं की विचारीन. काय प्रश्न, ते सांगायचे नाहीत. ईमेल का नाही करत, म्हटलं तर म्हणाले, ‘कागदावर विचारायचा नाही तो. तोंडाकडे बघून विचारायचाय.’

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, आणि ते सांगताना मला बरं वाटत नाही.

मी बँकेत कम्प्लायन्समध्ये आहे. लोकांनी फॉर्मवर काय लपवलंय ते शोधणं हे माझं काम. तर इराच्या अर्जात एक प्रश्न होता. मुलीला खाजगी शिकवणी होती का? असल्यास शिक्षकाचं नाव द्या. मी ‘नाही’वर खूण केली. हात जरासुद्धा थांबला नाही. सगळेच करतात, असं मी स्वतःला सांगितलं. कामावर हेच वाक्य कोणी मला सांगितलं की मी त्यांची फाईल वर पाठवते.

शाळेच्या प्रवेशाचं बघणाऱ्या बाई सिंगापूरला आल्या. शहरातल्या एका हॉटेलात मुलांच्या मुलाखती आणि नंतर पालकांसाठी चहा. नवरा दौऱ्यावर होता. काकांना मीच म्हटलं, तुम्ही चला ना, विचारून टाका तुमचा प्रश्न. त्यांनी नुसती वेळ विचारून घेतली. आणि त्या दिवशी सकाळी साडेसातला ते दारात हजर होते. निखिलच्या लग्नात शिवलेला कोट, टाय, आणि बूट असे की इरा म्हणाली, ‘वा, रेगे अंकल, कॅन सी माय फेस लाह.’ एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, ते बसले नाहीत. कोट चुरगळेल म्हणून शहरापर्यंत दांडा धरून उभे राहिले, आणि ओठ हलत होते. तालीम चालली होती.

मुलाखत छान झाली. इरा नेमून दिलेली चूक व्यवस्थित करून आली. मग चहाच्या वेळी बाई आमच्या टेबलाशी येऊन बसल्या. साठीच्या, मऊ आवाजाच्या, साध्या. हातात इराची फाईल. त्या हसून म्हणाल्या की इराला कुठलीही शिकवणी नव्हती हे वाचून फार बरं वाटलं, या शहरात असं क्वचित घडतं. मग काकांकडे वळून त्यांनी आपुलकीने विचारलं, ‘तुम्ही इराचे आजोबा का?’

नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्या फॉर्मवर आजोबांसाठी रकाना नव्हता. ते खोटं असतं, पण त्यात माया तरी असती. माझ्या डोक्यात मात्र ती खूण नाचत होती. आजोबा म्हटलं की बोलणं लांबणार, बोलणं लांबलं की शनिवारच्या टेबलाचा विषय निघणार.

‘नाही नाही,’ मी घाईने म्हटलं. ‘आमचे शेजारी. हॉटेल सापडावं म्हणून सोबत आले.’

काकांनी खिडकीबाहेर बघितलं. एक, दोन, तीन.

‘एमआरटी मला चांगली माहीत आहे,’ ते स्वच्छ इंग्रजीत म्हणाले.

बाईंनी मान डोलावली. निघण्याआधी त्यांनी सवयीने सगळ्यांकडे बघून विचारलं, कोणाला काही विचारायचंय का? काकांचा हात कोटाच्या आत, शर्टाच्या खिशापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. रागाने बघितलं असतं तर मला झोप लागली असती. त्या बघण्यात नुसती चौकशी होती, विचारलं तर तुझी अडचण होईल का, एवढीच. मी कपात बघत राहिले.

‘काही नाही,’ काका म्हणाले. ‘चहा फार चांगला आहे.’

परतताना गाडी रिकामी होती तरी ते उभेच राहिले. इराने मला हळूच विचारलं, ‘आई, व्हाय यू टेल हर लाइक दॅट?’ मी तिला पाणी प्यायला सांगितलं.

तीन आठवड्यांनी इराला प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. मी घरीच केलेले बेसनाचे लाडू घेऊन काकांकडे गेले. त्यांना खरंच आनंद झाला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पत्र दोनदा वाचलं. त्या दिवसाबद्दल एक अक्षर काढलं नाही. माफी मागायला म्हणून मी गेले होते. ती काही तोंडातून निघेना. त्याऐवजी विचारलं, ‘काका, तुम्ही त्यांना काय विचारणार होता?’

त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. ड्राफ्ट्समनच्या सुबक अक्षरांत एकच ओळ होती. रविवारी घरी फोन करून झाला, रिसीव्हर खाली ठेवला, की नवं मूल कुठे जातं?

‘निखिल दर रविवारी फोन करायचा,’ काका म्हणाले. ‘कसा आहेस विचारलं की जरा थांबायचा आणि मग म्हणायचा, मजेत. मला बरं वाटायचं, शिकवलेलं विसरला नाही म्हणून. फोन ठेवला की वाटायचं, आता कुठे गेला असेल? जेवायला? खेळायला? ती जागाच मी बघितलेली नाही ना गं. डोळ्यांसमोर काही येत नाही.’

‘मग त्यालाच का नाही विचारलंत?’

‘आठवत नाही म्हणेल. अजून तसाच बोलतो. एक, दोन, तीन, मजेत.’

मी घरी आले आणि बाईंना ईमेल लिहिला. आधी खरं लिहिलं. शिकवणी होती, त्यांचं नाव रेगे, त्या दिवशी तुमच्या समोर बसले होते, त्यांचा हा प्रश्न आहे. वाचून बघितलं. मग पहिले तीन मुद्दे खोडले. उरला तो प्रश्न माझ्या नावाने पाठवून दिला.

बाईंचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. सुरुवातीला लिहिलं होतं की इतक्या वर्षांत हे कोणत्याही आईने विचारलं नव्हतं, इरा भाग्यवान आहे. पुढे लिहिलं होतं की फोन झाला की धाकटी मुलं बहुतेक बूट ठेवायच्या खोलीत जातात. सोमवारसाठी पॉलिश करायचंय असं सांगून. तेवढा वेळ आम्ही मोठी माणसं तिकडे जात नाही, मुलांना तेच हवं असतं. बाहेर येतात तेव्हा डोळे लाल असतात आणि बूट फार सुंदर चमकत असतात. ज्याला घराची सर्वांत जास्त आठवण येते त्याचे बूट सर्वांत चकचकीत, एवढं मी इतक्या वर्षांत शिकले आहे.

मी ते छापून काकांकडे नेलं. छापताना वरच्या ओळी काढून टाकल्या, भाग्यवान इराच्या. काका उभ्यानेच वाचायला लागले. शेवटपर्यंत वाचलं. मग कागद खाली घेऊन ते भिंतीवरच्या फ्रेमकडे बघत राहिले. शेवटच्या ओळीकडे, जी मला चार वेळा वाचून दाखवली होती. त्यांनी हात वर करून काचेवरची ती ओळ तळव्याने झाकली.

हात तसाच ठेवून म्हणाले, ‘मी सगळ्यांना वाचून दाखवायचो गं.’

त्यांनी कागदाची घडी घातली, ती खिशात ठेवता ठेवता सहज म्हणाले, ‘वरचं कापलंय वाटतं. बाई नमस्कार केल्याशिवाय पत्र लिहायच्या नाहीत.’

सांगायची ती वेळ होती. मी खिडकीबाहेर बघितलं. एक, दोन, तीन. मी गप्प राहिले, आणि काकांनी पुन्हा विचारलं नाही.

प्रवेश झाला तरी इराचा शनिवार चालूच होता. त्या शनिवारी तिला सोडायला मी खाली गेले. आदल्या दिवशी शाळेत ती चिखलात खेळली होती आणि बूट तसेच होते. टेबलावर वर्तमानपत्र नव्हतं, पॉलिशची डबीही नव्हती. इराने नेहमीसारखा तपासायला पाय पुढे केला.

‘असू दे,’ काका म्हणाले. ‘मळलेले चालतात. तिकडे गेल्यावरही चालतात. आणि आई फोनवर कशी आहेस विचारेल ना, तेव्हा मोजायचं नाही. जे असेल ते लगेच सांगायचं. रडू आलं तर रडू.’

‘बट यू ऑल्वेज से वन-टू-थ्री, रेगे अंकल.’

‘ते परक्यांसाठी,’ काका म्हणाले.

हे सगळं ते तिच्या चेहऱ्याकडे बघून बोलत होते. मग त्यांनी तसंच माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मी खाली माझ्या चपलांकडे बघत उभी होते.