पत्रिकेची मागची बाजू

बायनाबाईंच्या पलंगाखाली एक पत्र्याची पेटी होती आणि तिच्यात एक्केचाळीस वर्षांच्या लग्नपत्रिका होत्या. पत्रिकेवर गणपती असतो, कोपऱ्याला हळदीकुंकू लागलेलं असतं. ती चुलीत घालवत नाही की उकिरड्यावर टाकवत नाही. लोक नदीत सोडतात. बायनाबाईंनी साठवल्या. बायनाबाई म्हणजे मीच. पण आपली फजिती ‘मी, मी’ करत सांगायला जीभ वळत नाही, म्हणून परकी बाई समजून सांगते. परक्या बाईबद्दल माझी जीभ बरी चालते.

नुसत्या साठवल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. पण बाईंची शाळा तिसरीपर्यंत झालेली, आणि आलेलं अक्षर वाया जाऊ द्यायचं नाही असा बाणा. लग्नाहून आलं की पायावर पाणी घ्यायच्या आधी पत्रिका उलटी करायची आणि मागं निकाल लिहायचा. ‘वरण पाणी.’ ‘नवरदेव मठ्ठ.’ ‘पंगतीत दोनदा उठवलं, परत जाणार न्हाई.’ परत मात्र प्रत्येक वेळी गेल्या.

एका सोमवारी विहीण कडूबाई दारात आली. तिचा नवरा दत्तराव जिंतूरला येष्टीत ड्रायव्हर, महिनाअखेर रिटायर होणार होता. ऑफिसच्या कागदात बायकोचं नाव माहेरचं निघालं. आता लग्नाचा दाखला हवा, आणि दाखल्यासाठी ग्रामसेवकाला लग्नपत्रिका हवी.

“आमची उंदरांनी खाल्ली. तुमच्यापाशी असंल का?” कडूबाई म्हणाली.

एक्केचाळीस वर्षांत त्या पेटीची कुणाला पहिल्यांदाच गरज पडली होती. बायनाबाईंची मान ताठ झाली. “असंल म्हंजी? हायच. माझ्या पेटीतला कागद इकडचा तिकडं होत न्हाई.”

राजेश्रीनं, म्हणजे सुनेनं, पेटीत हात घातला आणि दोन मिनिटांत पत्रिका काढून दिली. स्वतः बाईंना तास लागला असता. हे तेव्हाच खटकायला पाहिजे होतं. खटकलं नाही, कारण बाईंनी पत्रिका उलटी केली होती.

‘जिलेबी करपली. नवरी तोंडाळ. ज्या घरात पडंल त्या घराचं कठीण.’

साल अठ्ठ्याऐंशी. आणि पुढं चोवीस वर्षांनी त्याच घरात बायनाबाईंनी आपली लेक प्रियांका दिली होती. तीही कुणी मागणी घातली म्हणून नाही, स्वतः दोनदा जाऊन, शब्द टाकून.

बाईंनी पत्रिका छातीशी धरली. लय धूळ बसलीय, पुसून ठेवते, उद्या पंचायतीत मीच घेऊन येते, असं सांगून कडूबाईला वाटेला लावलं. मग कणकेची खळ केली, जुन्या कॅलेंडरचं पान कापलं, छापलेली बाजू आत आणि कोरी बाहेर करून पत्रिकेच्या पाठीवर चिकटवलं आणि पिठाच्या डब्याखाली दाबून ठेवलं. राजेश्री भाकरी थापत सगळं बघत होती. काही बोलली नाही. तिचं हेच बाईंना आवडायचं.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक हरिओम यांनी पत्रिका हातात घेतली, जड लागली म्हणून खिडकीपुढं धरली.

“पत्रिका अठ्ठ्याऐंशीची,” ते म्हणाले, “अन् आत मागच्या वर्षीचा श्रावण दिसतोय.”

हरिओम तसे सभ्य माणूस. अशा पत्रिका हल्ली कुणीही छापून आणतं, मी सही केली तर उद्या माझी चौकशी, असं त्यांनी शांतपणे समजावलं. दत्तरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पस्तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, एका पत्रिकेपाशी अडकला होता.

“इहीणबाई,” कडूबाई म्हणाली, “काय डकवलंय तुमी तिथं?”

पंचायतीचा शिपाई मुंजाजी चहा घेऊन आत येत होता. बाईंनी त्याच्याकडून पाणी मागितलं. त्याला वाटलं प्यायला. बाईंनी बोटं बुडवली, कागद भिजवला आणि आपल्या हातानं सोलून काढला. हरिओम यांना समोर आलेला कागद मोठ्यानं वाचायची सवय. त्यांनी पत्रिकेमागचा निकाल पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला.

कडूबाई खाली बघत बसली. बोलला तो मुंजाजी.

“जिलेबी करपली कोण म्हणतंय? कढईवर मी व्हतो. जराशी लाल झाली व्हती, ती बी लाकडं वली म्हणून.”

हरिओम यांनी पेन उघडलं. “म्हणजे तुम्ही या लग्नाला हजर होता?”

“हजर? दोन दिस धुरात व्हतो.”

साक्षीदार मिळाला. पण मुंजाजी अडून बसला. ‘करपली’ खोडल्याशिवाय सही नाही. बायनाबाई म्हणाल्या, लिहिलेलं खोडायची या घराण्यात रीत नाही. हे घराणं म्हणजे त्या एकट्याच. दत्तरावांनी टोपी पुन्हा उचलली आणि पुन्हा ठेवली. ते बघून बाईंनी पेन मागून घेतलं आणि ‘करपली’च्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं, ‘थोडी’. एक्केचाळीस वर्षांतली पहिली दुरुस्ती. मुंजाजीनं सही केली.

परतताना कडूबाई मारुतीच्या पारापाशी थांबली. मग म्हणाली, “जिलेबी करपलीच व्हती.”

“थोडी,” बायनाबाई म्हणाल्या.

“अन् मी एवढी तोंडाळ, तर लेक कशी दिली?”

“तोंडाळ सासू बरी. तिच्या पोटात काय ऱ्हात न्हाई. गप बसणाराचं भ्या वाटतं.”

कडूबाईनं पुन्हा पाय उचलला. मग विचारलं, आता परत पहिल्यापासून पत्रिका जमवायला बसलात तर काय वेगळं कराल?

“मागं एक अक्षर लिवणार न्हाई.”

“तुमच्यानं व्हईल का?” कडूबाई म्हणाली आणि स्वतःच्या घराकडं न वळता सरळ बायनाबाईंच्या घरात शिरली. “तुमच्या लेकाच्या, भागवतच्या लग्नाची दावा. आमची सगळ्यांनी ऐकली.”

“बघा खुशाल. ती कोरी हाय. घरचं लग्न, नाव ठेवायला जागाच नव्हती.”

राजेश्री म्हणाली, “आत्याबाई, चहा ठेवते,” आणि कुणी सांगायच्या आधीच आत गेली. असं ती कधी करत नसे.

पत्रिका पेटीत सगळ्यात वर होती. कडूबाईनं उलटी केली. मागं तीन ओळी होत्या, खाली बारा वर्षांपूर्वीची तारीख. अक्षर कसं, मोत्यासारखं. बायनाबाईंनी चष्मा लावून एकेक शब्द फोडला.

‘जेवण चांगलं. सासू तोंडाळ. बघू.’

कडूबाई पदरात तोंड घालून हसत होती. बायनाबाईंनी पत्रिका कडेनं, वरून, खालून तपासली. ‘बघू’च्या पुढं काही लिहिलेलं नव्हतं. पेटीला कुलूप लावायला पाहिजे होतं, एवढंच एक वेगळं करायला पाहिजे होतं, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी आत हाक मारली.

“राजेश्री, बारा वर्सं झाली. बघून झालं का न्हाई?”

आत कपबशा वाजल्या.

“बघायलेय, आत्याबाई.”