पाटावर बांधलेला फेटा

रामहरी तात्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, हे राजलक्ष्मीला मुळीच पटलेलं नव्हतं. वालचंदनगरच्या रस्त्यावर टेम्पोनं त्यांना उडवलं, हे खरं. पण फेटे बांधायचा धंदा पार बसला, म्हणून भरपाई द्या, हे जरा जास्तच होत होतं. टेम्पोचा विमा ज्या कंपनीचा, तिची राजलक्ष्मी वकील. बारामतीच्या कोर्टात तिच्या उलटतपासणीतून सुटलेला साक्षीदार विरळाच.

आणि नशीब बघा, निरवांगीला नणंदेच्या दिराचं लग्न, अन् मांडवाच्या दाराशी फेटे बांधायला खुद्द रामहरी तात्या! त्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिनं मात्र फाइलमधला त्यांचा फोटो पाठ केला होता.

"अहो, मोबाईल काढा," ती नवऱ्याच्या कानाशी लागली. "मी फेटा बांधून घेते. तात्यांचे हात नीट आले पाहिजेत."

"लग्नाला आलोय का पंचनाम्याला?" इंद्रजित म्हणाला, पण मोबाईल काढला.

"या ताईसाब, बसा पाटावर," तात्या म्हणाले. मानाचा पाट दिसतोय, असं म्हणत राजलक्ष्मी ऐटीत बसली.

"आई, तिथं खुर्ची आहे की! तू खाली का बसलीस?" चार वर्षांच्या संस्कृतीनं विचारलं.

"गप. बाबांकडं बघून हस."

संस्कृतीलाही फेटा हवाच होता. तात्यांनी तिला बांधला आणि तुरा आईपेक्षा मोठा ठेवला. पोरगी त्या फेट्यातच झोपली.

पुढच्या तारखेला राजलक्ष्मीनं पिंजऱ्यातल्या तात्यांपुढं फोटो धरला. "हा फेटा कोणी बांधला?"

"आगं बया! ह्या तर तुमीच की! मीच बांधला, मॅडम."

"दोन्ही हातांनी?"

"व्हय. एका हातानं कसा बांधायचा?"

राजलक्ष्मी जिंकल्यासारखी खाली बसली. तात्यांचे वकील मकसूद शेख सावकाश उठले. फोटो त्यांनी डोळ्यांजवळ नेला.

"तात्या, मॅडम जमिनीवर का बसल्यात?"

"हात वर जात न्हाय ना सायेब! आता समद्यांला पाटावरच बसवतो. पयलं नवरदेव घोड्यावर असला तरी मी खालनं बांधायचो. दिवसाला शंभर डोकी व्हायची. आता धा झाली की हात बधिर."

राजलक्ष्मीनं फोटो पुन्हा पाहिला. तात्यांचे हात खरंच छातीशी होते. आणि त्यांच्या पायाशी, मान खाली घालून, विमा कंपनी बसली होती.

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, हा फोटो तुमच्या बाजूनं दाखल करायचा, की त्यांच्या?"

बाहेर जिन्यात तात्या भेटले. "पोरीचा फेटा सुटला न्हाय ना?"

"आंघोळीलासुद्धा काढू देत नाही, तात्या," ती म्हणाली. मग तिनं कंपनीला फोन लावला. "साहेब, रामहरींच्या केसमध्ये तडजोड करा."

"का? त्यांच्याकडं भक्कम पुरावा आहे का काही?"

"आहे," राजलक्ष्मी नेहमीच्याच ठाम आवाजात म्हणाली. "मीच दिलाय."