प्रमाण: केशरबाई

गोपीनाथराव सोहोनींना त्या दुरुस्तीचा संशय आला, तो तिच्या आकारामुळे. ती अवघ्या एका ओळीची होती.

डोंबिवलीजवळ कोपरला राहणारे गोपीनाथराव संस्कृतचे निवृत्त शिक्षक. हयात सूत्रे आणि अपवाद यांत गेल्याने संगणकाची भाषा त्यांना परकी वाटली नाही. भाची उत्तरा हिच्या साहाय्याने त्यांनी तिथीवरून भरती-ओहोटीची वेळ सांगणारी एक प्रणाली रचली व तिची संहिता सर्वांना खुली ठेवली. दुरुस्ती कोणीही पाठवावी. ती स्वीकारणे न स्वीकारणे मात्र गोपीनाथरावांच्या हाती. त्यांचा नियम एकच होता: प्रत्येक दुरुस्तीखाली प्रमाण द्यावे.

‘निवटी’ नामक कोणा अज्ञाताने लिहिले होते: ‘कोलशेतच्या वेळेत चाळीस मिनिटे वाढवा. प्रमाण: केशरबाई.’

“मामा, तीन आठवडे झाले! करा ना मर्ज, घेऊन टाका ती दुरुस्ती,” उत्तरा फोनवर म्हणाली.

“या निवटीचा हेतू मला शुद्ध वाटत नाही.”

“अहो, निवटी खाडीतला मासा असतो.”

“सज्जन मनुष्य माशाच्या नावाने का लिहील? आणि एकच ओळ! लपवायचं नसतं तर चार ओळी लिहिल्या असत्या.”

“चार ओळी असत्या तर म्हणाला असतात, एवढं का लिहिलंय!”

गोपीनाथरावांनी ग्रंथालयातील सूची पालथ्या घातल्या. केशरबाई नावाची ग्रंथकर्ती आढळली नाही. अखेर त्यांनी निवटीस विचारले, ‘ग्रंथ, आवृत्ती व पृष्ठ कळवावे.’

उत्तर आले: ‘आवृत्ती एकच. पृष्ठ नाही. सकाळी धक्क्यावर असते.’

“सांकेतिक भाषा!” गोपीनाथराव उद्गारले, आणि त्यांनी शेरा मारला: ‘प्रमाण अग्राह्य.’

आता निकाल लावण्यास कारणही होते. रविवारी एक निसर्गप्रेमी मंडळ त्यांच्या प्रणालीचा वेळांचा तक्ता पडताळण्यासाठी कोलशेतच्या खाडीत होडीने जाणार होते. तक्ता खरा ठरला, तर मंडळाच्या साऱ्या सहली त्यावरच आखल्या जाणार होत्या.

तक्त्याप्रमाणे साडेनऊला ओहोटी संपून पाणी चढायला हवे होते. साडेनऊच्या ठोक्याला गोपीनाथराव सहा सभासदांसह होडीत बसले. धक्क्यावर कोळंबी निवडणारी एक बाई मान वर न करताच म्हणाली, “पानी अजून उतरतंय. चालीस मिनटा थांबा.”

चाळीस! गोपीनाथरावांच्या भुवया आकसल्या. निवटीची माणसे इथवर पोहोचली होती तर.

“तक्ता साडेनऊ सांगतो,” ते कठोरपणे म्हणाले.

“मंग कागदालाच वल्हवूंद्या,” बाई म्हणाली.

होडीवाला जगन निघाला. पाच मिनिटांतच होडी चिखलात रुतली. पाणी चढण्याऐवजी शांतपणे उतरत राहिले. सभासद प्रथम पक्षी पाहत होते. पुढे ते गोपीनाथरावांकडे पाहू लागले.

“आता हो?” गोपीनाथरावांनी जगनला विचारले.

“आता काय, पानी फिरंल दहा वाजून दहाला. ती बोललीच होती की.”

“ती कोण?”

“आमची घरवाली. केशरबाई.”

गोपीनाथरावांनी घड्याळ काढून हातात धरले. दहा वाजून दहा मिनिटांनी चिखलातली एक काडी हलली आणि पाणी हळूच परत फिरले.

धोतर गुडघ्यापर्यंत माखलेल्या अवस्थेत ते धक्क्यावर उतरले व त्या बाईंना त्यांनी हात जोडले. केशरबाईंनी त्यांना नखशिखांत न्याहाळले.

“माजी पोर रसिका कॉम्प्युटरवर काय काय लिवते. बोलली, डोंबिवलीचं कोनी मास्तर तुजा पान नंबर मागतंय. तुमीच काय ते?”

“मीच,” गोपीनाथराव म्हणाले.

त्याच दुपारी दुरुस्ती स्वीकारली गेली. मंडळाने तक्ता घेतला. मात्र कोलशेतच्या रकान्यात काय आहे, हे आधी नीट विचारून.

महिन्याभराने ठाण्याच्या प्रफुल्ल नामक एका विद्वानाची दुरुस्ती आली. खाली अकरा ग्रंथांची प्रमाणे होती, आवृत्ती व पृष्ठांसह. उत्तराला वाटले, मामा आता हरखून जातील. गोपीनाथरावांनी चष्मा पुसला, अकराही प्रमाणे संशयाने वाचली आणि खाली लिहिले:

‘ग्रंथ उत्तम आहेत. केशरबाईंना विचारले आहे काय?’