शोभाताईंच्या भाताला स्थगिती

बेसा भागातल्या एका सोसायटीने ठराव क्रमांक सतरा एकमताने मंजूर केला : पृथ्वीचे वाढते तापमान व पाण्याची टंचाई लक्षात घेता, इमारतीतल्या कोणत्याही शेगडीवर यापुढे भात व मटण शिजणार नाही.

ठरावाचा खरा फटका तिसऱ्या मजल्यावरच्या शोभाताईंना बसला. त्या सोसायटीतल्याच बारा जणांना डबे देत. त्यावरच त्यांचं घर चाले. रविवारच्या त्यांच्या सावजी मटणावर लोक जीव टाकत. त्यांत सोसायटीचे अध्यक्ष अनंतराव पहिले.

"एक किलो तांदळामागे शेतात हजारो लिटर पाणी जातं, शोभाताई," अनंतराव गंभीरपणे म्हणाले. "मटणाचं तर विचारूच नका."

"मंग लोकायले देऊ काय?"

"ज्वारी. हवामानस्नेही धान्य."

शोभाताईंना ते मनापासून पटलं. सोमवारपासून डब्यात भाकरी, झुणका आणि अंबाडीची भाजी जाऊ लागली. पहिल्या आठवड्यात सर्वांनी डब्याचे फोटो काढले. दुसऱ्या आठवड्यात डबे अर्धे भरलेले परत आले. तिसऱ्या आठवड्यात एकच डबा उरला, शोभाताईंचा स्वतःचा. आणि रोज सायंकाळी गेटवर बिर्याणी आणणाऱ्या दुचाक्यांची रांग लागली.

"अनंतभाऊ, हे काय चालून राहिलं?"

"ती बिर्याणी आपल्या इमारतीत शिजत नाही ना! तिचं पाणी हॉटेलच्या नावावर."

आता शोभाताई सोडल्या तर सोसायटीत कुणाचीच शेगडी पेटेना. साहजिकच एका संस्थेने सोसायटीला 'पर्यावरणरत्न' पुरस्कार दिला. रामदासपेठेत गारेगार हॉलमध्ये सोहळा झाला. मागे त्रेचाळीस पदार्थ मांडून ठेवले होते. 'त्यागमूर्ती' म्हणून शोभाताईंना शाल देण्यात आली आणि दोन शब्द बोलायला सांगण्यात आलं.

त्यांनी माईक हातात घेतला.

"मले पाणी वाचवाचं होतं, म्हणून मी भाकरी केली. तुमाले वाचवाचं होतं, तर तुम्ही खाल्ली काहून नाही?"

काहींचे डोळे पाणावले. अनंतरावांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. बाई कुणाला बोलल्या ते प्रत्येकाला नेमकं कळलं होतं, आणि जो तो शेजाऱ्याकडे पाहत होता. मग सगळे ताटं घ्यायला उठले.

हे वाचताना तुम्हालाही ओळखीचं कुणीतरी आठवलंच असेल. त्यांना ही गोष्ट जरूर पाठवा. जेवण झालं की.