मामाचं घड्याळ आणि भाचीचे दात

मालनच्या हातात दिलेली वस्तू जशीच्या तशी परत मिळते, याबद्दल रविवार कारंज्याजवळच्या त्या आळीत कुणाचंही दुमत नव्हतं. मालनचं तर नव्हतंच नव्हतं! पुण्याला कॉलेजात राहून बी. ए. झाली, पण कधी एक टाचणी हरवली नाही. आता तर पदरात छबी होती. छबीच्या दुधाची वाटी उकळून घेतलेली, न्हाणाचं पाणी आधी स्वतःच्या कोपराला लावून पाहिलेलं, आणि पाळण्यावरून माशी गेली तर ती कुठून आली नि कुठे बसली, याची बित्तंबातमी मालनकडे! अशा बाईच्या हवाली घड्याळ करायचं नाही, तर कुणाच्या?

म्हणून तर तिचे थोरले बंधू रंगराव सकाळी त्र्यंबकच्या मोटारीला निघाले, तेव्हा त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडून तिच्या ओंजळीत ठेवलं.

हे घड्याळ म्हणजे ऐरंगैरं नव्हे. रंगराव इंजिनियर. कुठल्याशा संस्थानात त्यांनी पूल बांधला, तो पहिल्या पुरात वाहून गेला नाही, म्हणून खूश होऊन राजेसाहेबांनी दिलेलं विलायती, सोन्याचं घड्याळ! तेव्हापासून रंगरावांचा डावा हात हा हात राहिला नव्हता, देव्हारा झाला होता. टांग्यात बसले की तो हात अधांतरी धरायचे. रस्त्यावरच्या लोकांना वाटायचं, गृहस्थ आशीर्वाद देत चाललेत.

"माले, कुशावर्तात बुडी मारायची म्हणून ठेवतोय हं," रंगराव म्हणाले. "बाराच्या ठोक्याला चावी द्यायची, की लगेच रुमालात. आणि एक लक्षात ठेव. पालथं घालायचं नाही!"

"पालथं घातलं तर काय होतं, दादा?"

"आतली चक्रं गडबडतात."

इंजिनियर माणसाचं बोलणं! मालननं मान डोलावली. "दादा, तुम्ही निर्धास्त जा. त्याच्यावर ओरखडा पडला, तर मी नावाची मालन नाही!"

आता छबीविषयी सांगायला हवं. पोर गोरीगोमटी, गुटगुटीत, हाक मारली की खुदकन हसणारी. उणं म्हणून एकच. वर्ष भरत आलं तरी तोंडात दात नव्हता! त्यात समोरच्या पुतळाकाकूंचा नातू छबीहून लहान, आणि त्याच्या तोंडात दातांची ही गर्दी. रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना पुतळाकाकू हटकून विचारायच्या, "काय गं मालन, निघाला का?" जसा काही दात नव्हे, मोर्चाच निघायचा होता! मालन हसून "निघेल हो" म्हणायची आणि घरात येऊन छबीच्या हिरड्या चाचपायची.

बारा वाजले. मालननं छबीला मांडीवर घेतलं, रुमाल सोडला, चावी दिली. मोजून, मापून, श्वास रोखून! आणि पदर सारखा करायला तिनं नजर वळवली, तेवढ्यात घड्याळ छबीच्या तोंडात!

"अगं बाई!" मालननं ते ओढून घेतलं. छबीनं भोकाड पसरलं. लाळ पुसायची म्हणून मालननं घड्याळ पालथं केलं, आणि बघते तर काय! पाठीच्या गुळगुळीत सोन्यावर दोन खड्डे! शेजारी शेजारी, त्यातला एक किंचित तिरपा.

"आत्याबाई! अहो आत्याबाई!"

तिच्या सासूबाई, झुंबरबाई, निफाडच्या. वकील मुलाकडे नात खेळवायला म्हणून आल्या होत्या. पिठाच्या हातानं धावत आल्या. "काय झालं? पोर पडली काय?"

"नाही हो! घड्याळाला खड्डे पडले!"

"आत्ता गं बया! एवढ्यासाठी माझी भाकर करपवली व्हय! चिंच लाव की. देवाचा तांब्या बघ कसा लख्ख निघतो."

"आत्याबाई, सोन्यावर चिंचेचा काही परिणाम होत नाही. शास्त्र आहे ते."

"मग तुझं शास्तर चोळ!"

मालननं शास्त्र चोळलं. म्हणजे वकीलसाहेबांचं पांढरं दंतमंजन आणि छबीच्या अंगड्याचा उरलेला फलालिनीचा तुकडा घेऊन ती घड्याळाची पाठ घासत बसली. घड्याळ असं झळाळलं, की खिडकीतून समोरच्या भिंतीवर कवडसा नाचायला लागला! पण खड्डे? मघाशी मळात लाजून बसले होते बिचारे. आता चकचकीत सोन्यात दोन्ही डोळे वटारून बघू लागले.

पाळण्यात छबी पुन्हा रडली. मालन तिला घ्यायला उठली, आणि परत येऊन पाहते तो झुंबरबाई ओट्याशी उकिडव्या बसलेल्या. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात चुलीतली राख आणि नारळाचा काथ्या!

"आत्याबाई!!"

"आलंच बघ निघत! लय चिवट हाय."

खड्डे होते तिथेच होते. भोवती मात्र आता, पार कडेपर्यंत, बारीक बारीक ओरखडे उमटले होते, नांगरलेल्या वावरासारखे. मालन मटकन पाटावर बसली. संध्याकाळी दादा येणार. हात पुढे करणार. आणि आयुष्यात प्रथमच मालनच्या हातातून वस्तू जशीच्या तशी परत जाणार नाही! तिच्या डोळ्यांना धारा लागल्या.

आरडाओरडा ऐकून पुतळाकाकू आल्या. त्यांनी घड्याळ हातात घेतलं, नाकाशी धरलं, लांब धरलं, आणि एकदम ओरडल्या, "अगं वेडे, रडतेस काय! हे दात आहेत, दात!"

"कुणाचे?"

"कुणाचे म्हणजे? तोंडात कुणाच्या होतं?"

तिघीही छबीवर तुटून पडल्या. छबीनं ओठ घट्ट मिटले. तिला हसवून झालं, गुदगुल्या झाल्या, काऊ दाखवला, चिऊ दाखवली, शेवटी झुंबरबाईंनी स्वतः मांजर होऊन दाखवलं! तोंड जरासं उघडताच पुतळाकाकूंनी चांदीची वाटी आत सरकवून हिरडीवर आपटली.

टिण!

"वाजला! दात वाजला!" झुंबरबाई ओरडल्या.

वाटी वाजली ती पुतळाकाकूंच्या बांगडीवर की काय, अशी एक शंका मालनला चाटून गेली. पण तेवढी शंका धरून ठेवण्याइतकी ती आता बी. ए. उरली नव्हती, नुसती आई उरली होती. दात आला होता! एक नव्हे, दोन! आणि कशावर उमटला होता? बिस्किटावर नव्हे, राजेसाहेबांच्या सोन्यावर!

मग काय विचारता! कारंज्यावरून पेढे आले. एका हातात पेढ्यांचं ताट, दुसऱ्या हातात पालथं घड्याळ, अशी मालन दारोदार फिरली. बायका खड्ड्यावर बोट फिरवून बघत. "सोन्यात रुतला गं बाई दात!" "काय जोर तरी पोरीचा!" मालनची मान अशी ताठ झाली होती की उंबऱ्याला ठेच लागली तरी खाली वाकेना.

"पण मालन," पुतळाकाकू जरा आंबट चेहऱ्यानं म्हणाल्या, "दात केवढे रुंद गं हे!"

"आमच्या माहेरचे दात असेच आहेत, काकू!" मालन म्हणाली.

घरी आल्यावर झुंबरबाईंनी तिला कोपऱ्यात घेतलं. "दात वरचं का खालचं?"

"का हो?"

"एवढं रुंद म्हंजी वरचंच. वरचं दात आधी आलं की मामाला जड असतं, बाय!"

"असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही," मालन ठणकावून म्हणाली, आणि त्र्यंबकची मोटार आली का बघायला खिडकीत जाऊन उभी राहिली.

मामा आले. लंगडत! कुशावर्ताच्या पायरीवर पाय घसरला होता. झुंबरबाईंनी विजयी मुद्रेनं सुनेकडे पाहिलं, रंगरावांवरून मीठ-मोहरी उतरवली आणि ती चुलीत टाकायला आत गेल्या.

"माझं घड्याळ?" रंगरावांनी गुडघा चोळत हात पुढे केला.

मालननं रुमाल त्यांच्या हातावर ठेवला. आळीभर ताठ असलेली मान आता मात्र लवली. "दादा, थोडे ओरखडे पडलेत. आणि पाठीवर..."

रंगरावांनी कडेचे ओरखडे पाहिले. चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. मग त्यांनी घड्याळ उलटं केलं.

"ते छबीचे दात," मालन पुटपुटली. "पहिलेच."

आता स्फोट होणार म्हणून तिनं डोळे मिटले. पण आवाज आला तो भलताच मऊ. "छबीचे? वा, वा! अगं, मग रडतेस कशाला? भाचीच्या पहिल्या दाताची खूण! राहू दे, राहू दे!"

मालननं डोळे उघडले. पावसाचा थेंब पडला तर आभाळाशी भांडणारा हा माणूस, आणि म्हणे राहू दे? रंगराव प्रसन्नपणे पेढा उचलत होते. त्यांनी अर्धा पेढा दातांनी तोडला, अर्धा बशीत ठेवला. मालनची नजर बशीवर गेली, आणि तिथेच खिळली. पेढ्यावर दोन दातांचे ठसे होते. रुंद. शेजारी शेजारी. त्यातला एक किंचित तिरपा!

तिनं मुकाट्यानं घड्याळ घेतलं आणि पालथं करून पेढ्याशेजारी ठेवलं.

"दादा."

"अं?"

"हे बघा."

रंगरावांनी बघितलं. त्यांनी स्वयंपाकघराकडे नजर टाकली. "हळू बोल, माले!"

"तुम्ही घड्याळ चावलंत?"

"अगं, कचेरीतले लोक म्हणाले, राजेसाहेब पितळेवर मुलामा देऊन वाटतात. परत येताना आगगाडीच्या डब्यात एकटाच होतो. म्हटलं, खात्री करून घ्यावी."

"मग?"

"मग काय! चोख निघालं, तेच नडलं! तेव्हापासून कुणाला पाठ दाखवलेली नाही. बक्षीस चावून पाहिलं हे राजेसाहेबांना कळलं, तर दुसरा पूल मिळेल का मला? पण आता भाचीचे दात म्हटलं की मिटलं!"

"आणि मी आळीभर पेढे वाटले, त्याचं काय?"

"तेच सांगतोय. तू बोललीस तर माझा पूल गेला, आणि मी बोललो तर तुझे पेढे!"

मग मालननं बशीतला अर्धा पेढा उचलला आणि पुरावा खाऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी रंगराव गेले. जाताना घड्याळ मुद्दाम उलटं बांधून, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत गेले. "आमच्या भाचीचे दात!"

इकडे मालननं छबीला सर्दीच्या नावाखाली घरात कोंडलं. बाहेर नेलीच तर तोंडावर टोपरं ओढून! आणि महिन्याभरानं, एका सकाळी, खालच्या हिरडीवर खराखुरा दात आला. एकच. तांदळाच्या कणीएवढा. मालन आनंदानं वेडी झाली. पण ओरडायचीही सोय नव्हती. पेढे तर कधीच वाटून झालेले!

नेमक्या त्याच सकाळी पुतळाकाकू आल्या. छबी त्यांना बघून खुदकन हसली. काकू वाकल्या, आणखी वाकल्या, आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

"अगं मालन! एक दात पडला की काय? आणि हा दुसरा बघ की गं, किती झिजला!"

मालननं छबीला कडेवर घेतलं, मान ताठ केली आणि म्हणाली,

"काकू, सोनं चावलंय तिनं. झिजणारच!"