मनोऱ्यातले एकाहत्तर ठोके

"हा मनोरा नॉर्मन काळातलाच आहे, चांगला नऊशे वर्षांचा. आज मापं घेतो आणि त्या बीट्रिसच्या पुढ्यात टाकतो!" बायकोला, मेबलला, असं बजावून विल्फ्रेड लक्सटन दुपारी गावच्या चर्चमध्ये गेला. बीट्रिस यो ही निवृत्त शिक्षिका. तिच्या मते मनोरा जेमतेम शंभर वर्षांचा, कुणा हौशी जमीनदाराने जुन्यासारखा बांधून घेतलेला. या वादात दोघांची सहा वर्षं गेली होती.

अंधारा गोल जिना चढून विल्फ्रेड घंटेच्या दोराच्या खोलीत पोचला. खिडकीच्या कमानीला टेप लावतो न लावतो तोच वाऱ्याने दार धाडकन लागलं. त्याने ढकललं. हलेना. खांदा लावला, तसा वरून चुन्याचा पोपडा मानेवर पडला. भिंतीतली भेग मघाशी एवढी रुंद होती?

"अरे, कुणी आहे का?"

खाली कबरींमध्ये चिटपाखरू नव्हतं. राहता राहिला घंटेचा दोर. दोर जड असल्याने ठोके सावकाश पडत होते. गावात कुणी गेलं की वयाइतके ठोके द्यायची रीत होती. घाबरल्यामुळे त्याला ते आठवलंच नाही. तो दमून थांबला तेव्हा नेमके त्याच्या वयाइतके, एकाहत्तर झाले होते.

खाली गर्दी जमली.

"एकाहत्तर! म्हणजे आपला विल्फ्रेड गेला की!" चग खाटकाने टोपी काढली.

पिठाच्या हातांनी धावत आलेली मेबल मटकन खाली बसली. बीट्रिसने तिला जवळ घेतलं. "मनोरा नॉर्मनच आहे गं. मला पहिल्यापासून ठाऊक होतं. पण तो चिडायचा इतका छान!"

विल्फ्रेडने खिडकीला तोंड लावलं. "बीट्रिस! हे लिहून दे!"

किंकाळ्या उठल्या. चग कबरींवरून उड्या मारत पळाला. बीट्रिस त्याच्याही पुढे होती.

मेबल तेवढी धडपडत जिना चढून आली.

"दार फुगलंय!" विल्फ्रेड आतून ओरडला. "सुताराला बोलव!"

तिने दाराला नुसता हात लावला. दार अलगद आत उघडलं.

"आत ओढायचं दार तासभर बाहेर ढकलत होतास?"

विल्फ्रेड मानेवरचा चुना झटकू लागला. मेबलने त्याला घट्ट मिठी मारली. मग तिने नाक पुसलं.

"फुगलंच होतं," ती म्हणाली. "मी लाथ घालून उघडलं. असंच सांगायचं सगळ्यांना."