पानात बसवलेलं जाकीट

“जाकीट काही आपोआप आटत नाही,” काकू म्हणाल्या. “कापड मी कापायच्या आधी भिजवून वाळवते. आटायचं ते तेव्हाच आटून जातं.”

“म्हणजे मी सुटले,” हेडबाई म्हणाल्या.

“मी तसं कुठं म्हटलं? मी एवढंच म्हटलं, की जाकीट आटलेलं नाही. आता खोलीत उरलं कोण, ते तुम्हीच बघा.”

खोलीत तसे तिघं होते. आरशासमोर हेडबाई, त्यांच्या पाठीशी मनगटावर टाचण्यांची उशी बांधलेल्या काकू आणि दारात काकूंचे यजमान. पण भांडणात यजमानांना मोजायची पद्धत त्या घरात नव्हती.

हेडबाई म्हणजे कोपऱ्यावरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. उद्या दुपारी चारला त्यांचा निरोप समारंभ होता, एकतीस वर्षांच्या नोकरीचा. त्यासाठी खास गडद जांभळं, मोत्याच्या बटणांचं जाकीट शिवलं होतं. ते अंगात गेलं होतं. नाही असं नाही. फक्त बटणं आणि काजं यांच्यात चार इंचांची दरी होती आणि दोन्हीकडून कितीही ओढलं तरी ती बुजत नव्हती.

टेप काकूंच्या गळ्यातच लोंबत होती. ती लावली असती तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. पण हेडबाई म्हणत, “माझं माप दोन महिन्यांपूर्वी तुमच्या वहीत लिहिलंय, आता अंगाला टेप लागू देणार नाही,” आणि काकू म्हणत, “मी शिवलेल्या कपड्याला टेप लावायची वेळ अजून कुणावर आलेली नाही.” काकू कुठल्या क्लासला गेल्या नव्हत्या. जुने कपडे उसवायचे, तुकडे जमिनीवर मांडायचे आणि ते तसेच का कापले असतील याचा दिवसभर विचार करायचा, अशा त्या शिवण शिकल्या होत्या. अशी विद्या कमावलेलं माणूस सहजासहजी चूक कबूल करत नाही. (आणि का करावी, म्हणते मी.)

“ठीक आहे,” हेडबाई पर्स उचलत म्हणाल्या. “आमच्या शाळेतल्या बावीस जणी तुमच्याकडे शिवून घेतात, त्या माझ्या सांगण्यावरून. सांगितलेलं मला परतही घेता येतं.”

काकू गप्प झाल्या. तेव्हा मात्र दारातल्या यजमानांनी चौकट घट्ट धरली. बायको गप्प झालेली त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिली होती, लग्नात, आणि तीही फोटोग्राफरने सांगितलं म्हणून.

यजमान निवृत्त रेकॉर्डकीपर. ऑफिसात त्यांना तपशीलराव म्हणत आणि ते हे कौतुक समजत. चार महिन्यांपूर्वी त्यांनी एक लहानसा निर्णय घेतला होता. परगावी राहणारी लेक आईच्या फोनवर नवनव्या कपड्यांचं पेपर कटिंग, म्हणजे कापायच्या तुकड्यांचे खऱ्या मापाचे आकार, पाठवायची. काकू ते बाहेर दुकानातून छापून आणत आणि कागद जोडून त्यावरून कापड कापत. तपशीलराव म्हणाले, “कशाला हेलपाटे? घरीच प्रिंटर घेऊ.”

प्रिंटर निवडायला सात आठवडे लागले. तपशीलरावांनी मोठ्या कागदावर रकाने आखले: शाई, वेग, वजन, आवाज, झाकणाचा रंग. वायरलेस घ्यावा की नाही यावरच दोन आठवडे गेले. वायरच नसेल तर मजकूर वाटेत कुठं जातो ते कळायचं कसं, हा त्यांचा मुद्दा होता. (विक्रेता पहिल्या दिवशी त्यांना “सर” म्हणत होता, नंतर “काका”, आणि शेवटी त्यांना पाहिलं की जेवायला जायचा.)

घरी आणल्यावर तीन दिवस प्रिंटर कुणालाच ओळख देईना. कॉम्प्युटरला दिसला की फोनला दिसायचा नाही, तपशीलरावांच्या फोनला दिसला की काकूंच्या फोनला दिसायचा नाही. तपशीलराव राउटर उचलून त्याच्याजवळ नेत, दोघांची गाठ घालून देत आणि जरा बाजूला जाऊन उभे राहत. चौथ्या दिवशी सगळ्यांचं जमलं.

पहिल्या पेपर कटिंगचे चोवीस कागद निघाले आणि तपशीलरावांचं डोकं फिरलं. रेघा थेट कागदाच्या कडेपर्यंत पळत होत्या. चौतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून समासाबाहेर गेलेलं एक अक्षर पुढं सरकलं नव्हतं. त्यांनी फोनवर शोधलं, तर एक सोय सापडली: ‘पानात बसवा’. त्यांनी तिच्यावर खूण केली. सगळ्या रेघा शहाण्या मुलांसारख्या आत येऊन बसल्या. शिवाय प्रत्येक कटिंगच्या पहिल्या पानावर नुसता एक काळा चौकोन असायचा. शाई फुकट कशाला घालवा, म्हणून ते पान त्यांनी कधी छापलंच नाही.

तेव्हापासून काकूंनी तीन गिऱ्हाइकांना तोंडावर सांगितलं होतं, की तुमचं अंग सुटलंय. पोस्टातल्या बाई लिफ्ट सोडून जिना चढू लागल्या. समोरच्या वहिनींनी रात्रीचं जेवण बंद केलं. बँकेतली कॅशियर पहाटे धावताना दिसू लागली. तपशीलरावांना वाटलं, वस्तीत आरोग्याची लाट आली आहे.

“कटिंग चाळीसचं, तुमचं माप चाळीस,” काकू अखेर म्हणाल्या. “कागद खोटं बोलेल का?”

“कागद काढला कुणी?” हेडबाईंनी विचारलं.

दोघींनी एकदमच दाराकडं पाहिलं.

“मशीन चुकत नाही,” तपशीलराव म्हणाले. “आत्ता सिद्ध करून दाखवतो.” त्यांनी खिशातून फोन काढला, जाकिटाचं कटिंग उघडलं आणि पुरावा म्हणून ते न छापलेलं पहिलं पान छापायला पाठवलं. आतल्या खोलीत प्रिंटर खाकरला. तपशीलराव ऐटीत जाऊन कागद घेऊन आले आणि त्यांनी तो न वाचताच हेडबाईंच्या हातात दिला.

हेडबाईंनी चौकोनाखालचा मजकूर वर्गात वाचावा तसा खणखणीत वाचला: “हा चौकोन मोजा. त्याची बाजू बरोबर चार इंच भरली नाही, तर पुढचं काहीही कापू नका.” मग पर्समधून पट्टी काढून चौकोनावर ठेवली. “पावणेचारला जरा कमीच.”

“हे पान मला कधी दिलं नाहीत,” काकू म्हणाल्या.

“त्यात नुसता चौकोन होता.”

काकूंनी चष्मा काढून पुसला. हेडबाई इतक्या वेळानं पहिल्यांदा स्टुलावर टेकल्या. “म्हणजे मी तशीच आहे,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चक्क मऊ झाला होता. काकूंनीही मान डोलावली. भांडण तिथंच मिटलं असतं. पण तपशीलरावांचे ओठ मघापासून हलत होते. ते गुणाकार करत होते.

“चौकोन आठ टक्के लहान,” ते म्हणाले. “चाळिसाचे आठ टक्के म्हणजे तीन इंच आणि वर थोडं. अंतर आहे चार. म्हणजे साधारण पाऊण इंच मशीनचा नाही.”

“मग कुणाचा?” हेडबाईंनी विचारलं, शेवटच्या बाकावरच्या मुलाला विचारावं तितक्या हळू.

तपशीलरावांनी बोटांवर पुन्हा हिशेब सुरू केला. हेडबाई उठल्या, जाकीट काढून स्टुलावर टाकलं आणि दाराकडं निघाल्या. त्यांच्यामागून बावीस जणी निघालेल्या काकूंना स्पष्ट दिसल्या.

काकूंनी जाकीट उचललं. नवऱ्याचा एक हात धरून बाहीत घातला, मग दुसरा. त्यांना आरशाकडं वळवलं आणि मोत्याची पाचही बटणं एकेक करून लावली. बटणं सुखानं लागली; खांद्यावर साधी सुरकुती नाही. दारात पोचलेल्या हेडबाई थांबल्या, आणि एकतीस वर्षं वर्गात दाबून ठेवलेलं हसू त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात आलं.

काकूंनी वरच्या बटणाचा लोंबता दोरा दातानं तोडला आणि म्हणाल्या, “कापड उरलंय, बाई, तुमचं नवं जाकीट मी हातानं आखून उद्या दोनपर्यंत तयार करते, आणि ते घेऊन हे शाळेत येतील, हेच अंगात घालून.”